ग्लिसरॉल, तांबं आणि हिशेब: प्रकल्प नोंदी

४ जून

नवी वही. मॅडमशी बोलून विषय पक्का झाला: ग्लिसरॉलपासून प्रोपिलीन ग्लायकॉल, तांब्याच्या उत्प्रेरकावर, पाण्यात.

हाच विषय का, ते सुरुवातीलाच लिहून ठेवते. तेल आणि मिथेनॉलपासून बायोडिझेल करताना दर १०० किलोमागे साधारण १० किलो ग्लिसरॉल निघतं. ते टाळता येत नाही, कारण तेलाच्या रेणूचा कणाच तो आहे. तीन मेदाम्लं सुटली की मागे उरतो तीन कार्बनचा सांगाडा, प्रत्येक कार्बनवर एक हायड्रॉक्सिल (OH गट). साधा, पाण्यात सहज मिसळणारा, गोड रेणू.

याच तीन हायड्रॉक्सिलांनी मला या कामाकडे ओढलं. शेजारी कोणता धातू ठेवाल त्याप्रमाणे हा रेणू वेगळा वागतो. कार्बनवर बसवलेलं सोनं, सोबत अल्कली आणि ऑक्सिजन, तापमान अवघं ६० अंश: टोकाच्या हायड्रॉक्सिलचं ऑक्सिडेशन होऊन ग्लिसरिक आम्ल मिळतं. २००२ मध्ये कार्डिफच्या हचिंग्ज यांच्या गटाने हे दाखवलं. प्लॅटिनममध्ये थोडं बिस्मथ मिसळलं तर ऑक्सिडेशन मधल्या हायड्रॉक्सिलकडे वळतं आणि डायहायड्रॉक्सिॲसिटोन येतं. ऑक्सिजनऐवजी हायड्रोजन घेतला तर कहाणीच बदलते. रुथेनियम कार्बन-कार्बन बंधच तोडतं. तांबं त्या बंधाला जवळजवळ हात लावत नाही, फक्त कार्बन-ऑक्सिजन बंध सोडवतं. मधला हायड्रॉक्सिल काढून १,३-प्रोपेनडायॉल मिळवणं सगळ्यांत अवघड. त्यासाठी प्लॅटिनम-टंगस्टन किंवा इरिडियम-रेनियम अशा जोड्या लागतात. तो डोंगर नंतर कधीतरी.

तांब्याचा मार्ग दोन पायऱ्यांचा. आधी एक पाणी निघून ॲसिटॉल होतं, मग ॲसिटॉलवर हायड्रोजन चढून प्रोपिलीन ग्लायकॉल. मिसुरी विद्यापीठातल्या गेलन सुपेस यांनी कॉपर क्रोमाइटवर हे २०० अंशांना, बऱ्यापैकी कमी दाबावर करून दाखवलं. २००६ मध्ये त्यांना अमेरिकेचा ग्रीन केमिस्ट्रीचा राष्ट्राध्यक्षीय पुरस्कार मिळाला. आम्हाला क्रोमियम नको आहे. टाकाऊ मालाचं सोनं करायचं आणि मागे क्रोमियमचा गाळ ठेवायचा, हे मनाला पटत नाही. म्हणून तांबं आणि झिंक ऑक्साइड.

कमाल उत्पादन: ९२.०९ ग्रॅम ग्लिसरॉलमागे ७६.०९ ग्रॅम. म्हणजे १०० ग्रॅमला ८२.६. याच्या वर आकडा आला तर चूक माझी.

७ जून

अवक्षेपण, म्हणजे द्रावणातून गाळ पाडणं. कॉपर नायट्रेट १२.०८ ग्रॅम आणि झिंक नायट्रेट १४.८७ ग्रॅम, दोन्ही ०.०५ मोल, एकत्र पाण्यात. दुसऱ्या बाजूने सोडियम कार्बोनेटचं द्रावण. दोन्ही एकाच वेळी थेंबथेंब, ६५ अंशांना, पीएच ७ च्या आसपास धरून.

पीएच धरून ठेवणं म्हणजे दीड तास डोळा न हलवणं. आधी आकाशी निळा लगदा आला. ढवळत ठेवला तसा रंग हळूहळू हिरवट होत गेला. हा बदल नुसता बघण्यापुरता नाही. निळा गाळ अस्फटिकी असतो, तापत राहिला की त्यातून तांबं-जस्ताचे मिश्र कार्बोनेट स्फटिक घडतात. या टप्प्यावर दोन्ही धातू एकाच स्फटिकात शेजारी बसले, तरच पुढे तांब्याचे कण बारीक राहतात. घाईने गाळलं असतं तर आजच घात झाला असता. रंग स्थिरावल्यावर आणखी एक तास थांबले.

८ जून

फक्त धुणं. सात वेळा. सोडियम राहिला तर पुढे भाजताना तांब्याचे कण एकत्र येतात. सातव्या धुवणाची विद्युतवाहकता ऊर्ध्वपातित पाण्याच्या जवळ आली तेव्हा थांबले.

११ जून

३५० अंशांना चार तास भाजलं. काळी, हलकी पूड. वजन ७.८ ग्रॅम. हिशेबाने ८.०५ यायला हवं होतं, उरलेलं गाळणकागदावर दिसतंय.

क्षपण (कॉपर ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढणं): नायट्रोजनमध्ये ५ टक्के हायड्रोजन, मिनिटाला १ अंश या चालीने २५० अंशांपर्यंत. कॉपर ऑक्साइडचं क्षपण होताना भरपूर उष्णता सुटते. शुद्ध हायड्रोजन सोडला तर पूड आतून एकदम तापते आणि जपून घडवलेले बारीक कण वितळल्यासारखे चिकटतात. म्हणून गोगलगायीची चाल. १.११ ग्रॅम ऑक्साइड घेतलं की ऑक्सिजन गेल्यावर बरोबर १ ग्रॅम उरतं. हवेशी गाठ पडू द्यायची नाही, नाहीतर ते पेट घेतं. नायट्रोजनखाली थेट पाण्यात उतरवलं.

क्ष-किरण विवर्तन: तांब्याची मुख्य रेषा ४३.३ अंशांवर, अर्ध्या उंचीवर रुंदी ०.६ अंश. शेररच्या सूत्राने (रेषा जितकी रुंद, तितके कण बारीक) कण साधारण १४ नॅनोमीटरचे. मॅडम आलेख बघून एवढंच म्हणाल्या, "चांगलं आहे, आता बिघडवू नकोस."

१४ जून

पहिला रन. १०० मिलिलिटरचा ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाब सोसणारं बंद पात्र. २० टक्के ग्लिसरॉलचं द्रावण ५० मिलिलिटर, उत्प्रेरक १ ग्रॅम. नायट्रोजनने तीनदा धुतला, साबणाच्या पाण्याने सगळे जोड तपासले, मग थंड अवस्थेत ४० बार हायड्रोजन. २०० अंश, सहा तास, मिनिटाला ६०० फेरे.

थंड झाल्यावर दाब ६ बार. द्रव पिवळसर तपकिरी.

१५ जून

क्रोमॅटोग्राम (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायचा आलेख). अंतर्गत मानक, म्हणजे तुलनेसाठी मोजून घातलेला पदार्थ, १-ब्युटेनॉल. ग्लिसरॉलचा उत्कलनबिंदू २९० अंश, त्यामुळे त्याचं शिखर मागे लांब शेपूट सोडतं आणि क्षेत्रफळ हाताने नीट बांधावं लागतं. तेच नमुने द्रव क्रोमॅटोग्राफवरही टाकले, आकडे जुळले.

घातलेल्या १०० कार्बनांपैकी: ग्लिसरॉल २०, प्रोपिलीन ग्लायकॉल ६०, ॲसिटॉल ८, एथिलीन ग्लायकॉल २. बेरीज ९०. दहा कार्बन कुठे गेले?

ॲसिटॉल एवढं उरलंय म्हणजे दुसरी पायरी मंद आहे, असा माझा तर्क. उत्प्रेरक हायड्रोजन नीट चढवत नाही. उद्या वेळ दुप्पट करते.

१८ जून

बारा तास, बाकी सगळं तेच. ग्लिसरॉल १२, प्रोपिलीन ग्लायकॉल ६१, ॲसिटॉल ७, एथिलीन ग्लायकॉल २. बेरीज ८२. द्रव आता चहासारखा.

सहा तास जादा दिले आणि हवं ते उत्पादन एका अंकाने वाढलं. हरवलेले कार्बन मात्र १० वरून १८ वर. ग्लिसरॉल संपतंय, ॲसिटॉल होतंय, पण ते पुढे न जाता आपापसांत जुळून हा तपकिरी पदार्थ बनवतंय.

उत्प्रेरकात निकेल मिसळून बघावं का? की तांब्याचं प्रमाण वाढवावं? उद्या मॅडमना विचारते.

१९ जून

मॅडमनी निकेलबद्दल काही म्हटलंच नाही. वही पुढे ओढली आणि विचारलं, "आत हायड्रोजन किती घातलास?"

"४० बार."

"बार नको. मोल सांग."

त्यांच्या टेबलाशी उभ्या उभ्या केलेला हिशेब जसाच्या तसा उतरवते. ५० मिलिलिटर द्रावणाचं वजन ५२.३ ग्रॅम, त्यात ग्लिसरॉल १०.५ ग्रॅम, म्हणजे ०.११४ मोल. ऑटोक्लेव्हमध्ये वर मोकळी जागा ५० मिलिलिटर. ४० बार, २५ अंश: ०.०८१ मोल हायड्रोजन.

एका ग्लिसरॉलला एक हायड्रोजन लागतो. सगळाच्या सगळा वापरला गेला तरी ७१ टक्क्यांच्या पुढे जाणं शक्यच नव्हतं. आणि शेवटी दाब उतरलेला, म्हणजे चढवायला हायड्रोजन उरलाच नव्हता. १४ तारखेच्या नोंदीत मीच लिहिलंय: "थंड झाल्यावर दाब ६ बार." तपासून पाहिलं. ६० टक्के प्रोपिलीन ग्लायकॉल म्हणजे ०.०६८ मोल हायड्रोजन खर्च, उरला ०.०१३ मोल, त्याचा दाब साडेसहा बारच्या आत. उत्तर पाच दिवस माझ्याच अक्षरात माझ्यासमोर होतं.

२०० अंशांना काटा ८० च्या वर असतो आणि त्याचा धीर वाटतो. पण त्या तापमानाला नुसत्या पाण्याच्याच वाफेचा दाब १५ बारच्या वर असतो, शिवाय तापल्यामुळे वायू फुगलेला. तापलेल्या ऑटोक्लेव्हचा काटा हायड्रोजन किती आहे ते सांगत नाही. यापुढे प्रत्येक रनच्या नोंदीत तीन ओळी सक्तीच्या: आत गेलेले मोल, थंड अवस्थेतला सुरुवातीचा दाब, थंड अवस्थेतला शेवटचा दाब.

२१ जून

द्रावण ३० मिलिलिटरच घेतलं (ग्लिसरॉल ०.०६८ मोल), उत्प्रेरक त्याच प्रमाणात ०.६ ग्रॅम, मोकळी जागा ७० मिलिलिटर, थंड अवस्थेत ६० बार. हायड्रोजन ०.१६९ मोल, गरजेच्या अडीच पट. सहा तास.

२२ जून

झाकण उघडलं तर द्रव पाण्यासारखा नितळ. तपकिरी रंगाचा मागमूस नाही.

ग्लिसरॉल १९, प्रोपिलीन ग्लायकॉल ७४, ॲसिटॉल २, एथिलीन ग्लायकॉल २. बेरीज ९७. प्रोपिलीन ग्लायकॉलवरून उरलेल्या हायड्रोजनचा दाब काढला तर ४२ बार येतो. काटा ४३ वर होता.

एक गोष्ट मनात घोळतेय. ग्लिसरॉल जेवढं पहिल्या रनमध्ये खर्च झालं, जवळजवळ तेवढंच आजही झालं. म्हणजे पाणी निघून ॲसिटॉल होण्याच्या पायरीला हायड्रोजनची चणचण फारशी जाणवतच नाही. ती आपल्या गतीने चालत राहते. हायड्रोजन कमी पडला तर ॲसिटॉलची वाट अडते आणि ते भलतीकडे वळतं. उत्प्रेरकावर मी उगाच आळ घेतला होता.

२८ जून

तुलनेसाठी रुथेनियम: कार्बनवर ५ टक्के, तयार विकत मिळणारं. बाकी सगळं २१ जूनप्रमाणे.

दाब तांब्यासारखाच उतरला, म्हणून दुपारी वाटलं की काम सारखंच झालं. द्रवातल्या कार्बनची बेरीज केली तर ६३. उरलेले वायूच्या पिशवीत सापडले, बहुतांश मिथेन. एथिलीन ग्लायकॉल भरपूर.

दाब सारखा का उतरला, ते कागदावर मांडल्यावर कळलं. तांब्याच्या मार्गात एका ग्लिसरॉलमागे एक हायड्रोजन जातो. रुथेनियमच्या मार्गात एथिलीन ग्लायकॉल, मिथेन आणि पाणी व्हायला दोन हायड्रोजन जातात, पण एक मिथेन वायू बनून परत येतं. निव्वळ घट दोन्हीकडे एकच! दोन अगदी वेगळ्या अभिक्रिया काट्याला एकसारख्या दिसतात. म्हणून दाबावरून काढलेला निष्कर्ष कार्बनच्या बेरजेशी जुळवल्याशिवाय लिहायचा नाही. तांबं कार्बन-कार्बन बंध जपतं ही त्याची खरी किंमत, हे आज डोळ्यांनी पाहिलं. रुथेनियम त्याच्यापेक्षा जोरदार आहे यात शंका नाही, पण तीन कार्बनचा घडवलेला सांगाडा मोडून मिथेन करायचं असेल तर एवढी उठाठेव कशाला?

५ जुलै

पुनर्वापर. २१ जूनचाच उत्प्रेरक गाळून, धुऊन, नायट्रोजनखाली वाळवून दुसऱ्यांदा वापरला. ग्लिसरॉलचं रूपांतर ८१ वरून ७० वर.

लगेच "उत्प्रेरक मरतोय" असं लिहिणार होते. आधी वजन केलं: ०.६० ग्रॅमचे ०.५३ राहिलेत. काही गाळणीवर, काही ढवळणीच्या पात्यांवर, चिमूटभर विवर्तनासाठी काढलं होतं. प्रथम कोटीची अभिक्रिया (वेग उरलेल्या ग्लिसरॉलच्या प्रमाणात) धरली तर वेग मूळच्या ०.७३ पट झालाय. वस्तुमानाचा वाटा ०.८८. उरतात ०.८२. विवर्तनात कण १४ वरून १७ नॅनोमीटरचे झालेत, आणि कण वाढला की तेवढ्याच तांब्याचा पृष्ठभाग त्या प्रमाणात घटतो: १४ भागिले १७ म्हणजे ०.८२.

इतकं चपखल जुळणं हा थोडा योगायोग आहे, रेषेच्या रुंदीतली चूकच एवढी असू शकते. तरी दिशा बरोबर आहे. गरम पाण्यात तांबं हळूहळू जाडं होतंय, तो आमचा खरा शत्रू. बाकीची घट माझ्या गाळण्यातली. यापुढे आणखी बारीक गाळणी.

१३ जुलै

आजारपणामुळे आठवडा गेला. लॅबमधल्या धाकट्या सहकाऱ्याने माझ्या जागी एक रन केला आणि तिन्ही ओळी न सांगता लिहिल्या. छान वाटलं.

२० जुलै

कच्चं ग्लिसरॉल आलं. गडद तपकिरी, साबणाचा वास. आतापर्यंत बाटलीतल्या शुद्ध ग्लिसरॉलवर काम केलं, पण हा सगळा खटाटोप खरं तर याच मालासाठी आहे.

क्लोराइड आहे का, ते आधी बघायचं. सिल्व्हर नायट्रेट टाकलं तर पांढरा गच्च गाळ. पण यावर भरवसा ठेवता येत नाही, कारण साबणही चांदीबरोबर पांढराच गाळ देतो. म्हणून आधी नायट्रिक आम्ल घालून साबण फोडला, वर तरंगलेली मेदाम्लं गाळून काढली आणि पुन्हा तपासलं. पांढरा गाळ आलाच. क्लोराइड आहे, आणि कमी नाही. बायोडिझेल झाल्यावर उरलेली अल्कली हायड्रोक्लोरिक आम्लाने मारली असणार, तेच मीठ ग्लिसरॉलमध्ये उतरलं. ग्लिसरॉलमध्ये मीठ बऱ्यापैकी विरघळतं, आपोआप खाली बसत नाही. टायट्रेशन करून नेमकं प्रमाण काढून ठेवलं.

२४ जुलै

कच्च्या ग्लिसरॉलचा रन, २० टक्के ग्लिसरॉल येईल असं पातळ करून. ताजा उत्प्रेरक. रूपांतर २८ टक्के.

पूडही वेगळी दिसतेय, तांबूस चकाकी आलीय. रेषेची रुंदी ०.२५ अंश, कण ३४ नॅनोमीटर. एका रनमध्ये!

कारण तांब्याच्या स्वभावात आहे. तांबं १०८५ अंशांना वितळतं, म्हणून २०० अंशांना त्याचे अणू पृष्ठभागावर तसे जागेवर असतात. क्युप्रस क्लोराइड मात्र ४३० अंशांच्या आसपासच वितळतं. पृष्ठभागावरच्या तांब्याला क्लोराइड चिकटलं की ते अणू सैल होतात, फिरतात आणि मोठ्या कणांना जाऊन मिळतात.

पण हिशेब पूर्ण लागत नाही. वेग मूळच्या ०.२० पट झालाय. पृष्ठभागाची घट फक्त ०.४१ पट. म्हणजे उरलेल्या पृष्ठभागाचीही ताकद निम्मी झालीय. त्यावर काहीतरी बसलंय: क्लोराइड, सोडियम की साबण?

२९ जुलै

एक एक करून वेगळं करायचं. शुद्ध ग्लिसरॉलमध्ये कच्च्या मालाइतकंच क्लोराइड येईल एवढं सोडियम क्लोराइड घातलं, बाकी काही नाही.

रूपांतर ३९ टक्के, म्हणजे वेग ०.३० पट. कण ३३ नॅनोमीटर. कण वाढण्याचं जवळजवळ सगळं पाप मिठाचं. पृष्ठभागाच्या घटीनंतरही थोडी कसर उरते, आणि कच्च्या मालात त्याहून जास्त, तो फरक साबणाचा किंवा तशाच दुसऱ्या सेंद्रिय मळाचा असावा. पण मिठात क्लोराइड आहे तसं सोडियमही आहे, आणि या रनवरून दोघांतला दोषी कळत नाही.

मॅडम म्हणाल्या, "क्लोराइडच दोषी असेल तर उपाय त्या कारखान्यातच आहे. आम्ल बदला." खरं आहे. तिथे सल्फ्युरिक किंवा फॉस्फोरिक आम्ल वापरलं तर क्लोराइड येणारच नाही. दोष सोडियमचाही असेल तर मात्र निर्वात ऊर्ध्वपातन किंवा आयन-विनिमय यांच्या खर्चातून सुटका नाही.

१ ऑगस्ट

सोडियम सल्फेटचा रन लावला. सोडियमचे मोल २९ जुलैइतकेच, म्हणजे सल्फेटचे मोल मिठाच्या निम्मे. ताजा उत्प्रेरक ०.६ ग्रॅम.

आत गेलेले मोल: ग्लिसरॉल ०.०६८, हायड्रोजन ०.१६९.
थंड अवस्थेतला सुरुवातीचा दाब: ६० बार.

तिसरी ओळ उद्या सकाळी. पण आज आधीच लिहून ठेवते. सोडियमचा काही संबंध नसेल तर थंड अवस्थेत काटा ४२ च्या आसपास असेल. मिठाइतकंच नुकसान झालं तर ५१ च्या आसपास. तांबं मिथेन करत नाही, म्हणून इथे काट्याचं ऐकायला हरकत नाही. तरी कार्बनची बेरीज होईपर्यंत निष्कर्ष लिहायचा नाही. हीटर सव्वापाचला बंद केला.